घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस हवाच का? या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मामांचा लॅपटॉप बघायला बसले. नुसता चालू व्हायलाच सात-आठ मिनिटं लागत होती. आत दोन अँटिव्हायरस होते. एक लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला. दुसरा नंतर विकत घेतलेला. "पैसे भरलेत ना, मग काळजी कसली?" मामा म्हणाले. याच समजुतीपायी बहुतेक चुका होतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो. तो फुकट आहे आणि घरच्या वापराला पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. विकतचा घेतल्याने काही बिघडत नाही, पण पैसे मोजकेच असतील तर आधी बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या.

दोन अँटिव्हायरस एकदम ठेवणं

दोन्ही प्रत्येक फाइल तपासायला जातात, एकमेकांना अडवतात आणि मशीन रडतखडत चालतं. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा स्वतःहून बाजूला होतो. म्हणून मुदत संपलेला तसाच पडू देऊ नका. सेटिंग्जमधल्या अॅप्समध्ये जाऊन तो अनइन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू झालंय का ते बघा. मामांकडे एवढ्यानेच निम्मा त्रास गेला.

क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करणं

क्रॅक म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणारी चोरटी फाइल. सगळ्यात जास्त घात इथे होतो. फुकटचं ऑफिस, फोटोशॉप किंवा एखादा गेम उतरवताना सूचना येते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." आपण करतो. कुलूप आपल्याच हाताने काढलं, तर महागातला अँटिव्हायरसही काही करू शकत नाही. शिवाय असे क्रॅक कधीकधी अख्खा सी ड्राइव्हच 'एक्स्क्लूजन्स'च्या यादीत टाकतात, म्हणजे पुढे तिथलं काही तपासलंच जात नाही. वरून मात्र सगळं हिरवं दिसतं! 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडून ही यादी आजच बघा. तुम्ही स्वतः न टाकलेलं काही दिसलं तर काढा आणि 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. सेव्ह न केलेलं काम आधी सेव्ह करा, कारण मशीन रीस्टार्ट होतं.

अपडेट पुढे ढकलत राहणं

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जगभर पसरलं. ज्या फटीतून ते शिरत होतं, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, तेच प्रामुख्याने सापडले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनवर विंडोज ११ चालत असेल तर त्यावर जा, नाहीतर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा.

पॉप-अपला घाबरणं

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं कोपऱ्यात येत असेल, तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटला आपण नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोममध्ये 'साइट सेटिंग्ज'मधून ती काढून टाका. त्या नंबरवर फोन करू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं अॅप, टाकू नका. ओटीपी आपणच सांगितला तर अँटिव्हायरस मध्ये येऊ शकत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवणं

रॅन्समवेअर शिरलं तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद होतात. महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. मामींच्या लेकीच्या लग्नाचे फोटो त्या एकाच लॅपटॉपवर होते. आम्ही ते त्याच संध्याकाळी डिस्कवर घेतले.