मागून येणारा खटका: प्रोपेलरपासून हाउसिंगपर्यंत दोष कसा शोधावा

बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा, जुनी ओम्नी किंवा क्वालिस या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्ट (गाडीखालून मागे जाणारा लांब दांडा), त्याचे क्रॉस (वाकते सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट), हाउसिंगमधलं (मागच्या एक्सलच्या लोखंडी आवरणातलं) क्राउन-पिनियन, म्हणजे ताकद चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी, आणि डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, शेवटी एक्सल अशी तिची वाट. या वाटेवरच्या प्रत्येक सांध्यात थोडा प्ले, म्हणजे मोकळीक, असतो. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना जोराची दिशा उलटते, हा सगळा प्ले एका झटक्यात भरून निघतो आणि लोखंडावर लोखंड आपटतं. प्ले वाढला की खटका वाढतो.

असा आवाज आला की 'हाउसिंग गेलं' असं निदान फार लवकर होतं. हाउसिंग उघडणं हे महागाचं आणि कौशल्याचं काम आहे, आणि दोष बऱ्याचदा एखाद्या क्रॉसमध्ये, ढिल्या बोल्टमध्ये किंवा संपलेल्या बुशमध्ये (दांड्यांच्या टोकांतल्या रबरात) असतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची, हाउसिंग सगळ्यात शेवटी.

१. आधी चालवून बघा

सुरुवात चाकांच्या नटांपासून. पाना लावून मागच्या दोन्ही चाकांचे सगळे नट घट्ट आहेत का बघा. मग डिकीतला जॅक, टूल किट आणि स्टेपनी हलत नाही ना, ते पाहा. ही पाच मिनिटं कधीही वाया जात नाहीत.

आता मोकळ्या जागी गाडी न्या, मागच्या सीटवर एकाला बसवा आणि आवाज नेमका कधी येतो ते लिहून ठेवा.

- दुसऱ्या गिअरमध्ये साधारण २० किमी वेगाला ॲक्सिलरेटर सोडा, परत दाबा. दोन्ही वेळा खट झालं तर दोष ताकदीच्या वाटेवर आहे: क्रॉस, स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दात), फ्लँजचे (शाफ्ट जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट किंवा डिफरन्शियल.
- गाडी थांबते तेव्हा, किंवा थांबून निघताना एकदाच 'टण्' होतं: सरकत्या योकच्या (क्रॉस धरणाऱ्या काट्याच्या) कोरड्या स्प्लाइनवर पहिला संशय.
- रिव्हर्स घेऊन पुढे निघालात आणि पहिल्याच ब्रेकला एकच टक आला: ड्रममधले ब्रेक शू जागा बदलतात. ड्रम उघडून शू, स्प्रिंगा आणि बॅकप्लेट बघायची.
- न्यूट्रलमध्ये खड्ड्यातून जातानाही आवाज येतो: प्रोपेलर सोडा, शॉकअब्सॉर्बर, बुश आणि पाट्यांकडे (लीफ स्प्रिंगकडे) वळा.
- फक्त वळणावर कटकट होते, सरळ रस्त्यावर नाही: डिफरन्शियलमधले छोटे गिअर किंवा एक्सल.

एक फसवणूक लक्षात ठेवा. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग (रबरी आधार) तुटलं तरी आवाज मागून आल्यासारखा वाटतो, कारण प्रोपेलर आणि बॉडी तो मागे वाहून नेतात. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढून ब्रेक पूर्ण दाबा आणि पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये, क्लच अगदी किंचित सोडा. बघणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे-मागे कोणीही नको. इंजिन एका बाजूनं उचललं जात असेल तर माउंटिंग आधी बदला.

२. खाली जाण्याआधी

बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. मागची चाकं उचलली की तो गाडीला धरत नाही. गिअरमध्ये टाकून ठेवण्याचाही उपयोग नाही: एकच चाक उचललं तरी डिफरन्शियल ते मोकळं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक घरंगळू शकतं. म्हणून सपाट काँक्रीटवर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ओट (चाक अडवणारी पाचर) लावा, हाउसिंगच्या नळीखाली दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा, आणि गाडी हातानं हलवून बघितल्याशिवाय खाली शिरू नका. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे चालत नाहीत. वजनाखाली ते अचानक फुटतात.

गॅरेजचा खड्डा मिळाला तर सर्वांत उत्तम, कारण गाडी चाकांवरच उभी राहते आणि प्रोपेलर रोजच्या कोनात असतो. बॉडी जॅकवर उचलली की हाउसिंग खाली लोंबतं, क्रॉसचा कोन बदलतो आणि झिजलेली जागा हाताला सापडत नाही.

३. हातानं प्ले शोधा

चाकांना ओट, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. प्रोपेलर दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा. नजर शाफ्टवर नको, सांध्यावर हवी. क्रॉसच्या एका बाजूचा योक हलला आणि दुसऱ्या बाजूचा जागेवर राहिला, तर तो क्रॉस संपला. दोन्ही एकत्र हलत असतील तर मोकळीक मागे हाउसिंगमध्ये आहे. मग योकजवळ टॉमी (लोखंडी दांडा) घालून वर-खाली दाबा. चांगल्या क्रॉसमध्ये असा प्ले हाताला जाणवत नाही.

फ्लँजच्या चारही बोल्टना पाना लावा. बोल्टभोवती चकाकणारी जागा किंवा गंजाची ओघळ दिसली तर तो सांधा हलत होता असं समजा.

४. क्रॉस

क्रॉस मरताना आधी कण्हतो. सुरुवातीला कमी वेगात, विशेषतः रिव्हर्समध्ये, चिक-चिक येते. ग्रीस संपून सुया (बेअरिंगचे बारीक रूळ) कोरड्या फिरत असतात. कपाभोवती (क्रॉसच्या टोकावरच्या टोपीभोवती) विटकरी भुकटी दिसते. खटका त्यानंतर येतो.

निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर ग्रीस गन लावून चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. एका कपातून आलं नाही तर तो कप पुढे जाणार, आज आवाज नसला तरी. क्रॉस उतरवल्यावर त्याच्या दांड्यावर अंगठ्याचं नख फिरवा. सुयांनी पाडलेल्या उभ्या खाचांत नख अडकलं तर ग्रीसनं तो दुरुस्त होणार नाही, बदलायचाच.

प्रोपेलर सोडण्याआधी फ्लँज, योक आणि सरकता भाग यांवर पंचनं किंवा रंगानं खुणा करा. दोन्ही टोकांचे योक कारखान्यानं ठरवलेल्या जुळणीतच परत बसले पाहिजेत. एक दात चुकला तरी खटका जाऊन थरथर सुरू होते.

नवा क्रॉस बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: कप आत जाताना एखादी सुई पडते आणि कपाच्या तळाशी आडवी होते. कप थोडा बाहेर राहतो, सर्क्लिप (कप अडवणारी कडी) खाचेत बसत नाही आणि मग हातोडा उचलला जातो. तिथेच थांबा. कप काढा, सुया मोजा, घट्ट ग्रीसमध्ये उभ्या लावा आणि व्हाइसमध्ये सॉकेट धरून सावकाश दाबा. सर्क्लिप नवीनच वापरा. बसल्यावर सांधा दोन्ही दिशांना हातानं, न अडकता वाकला पाहिजे.

पुढचा क्रॉस तुटला तर प्रोपेलरचं टोक रस्त्यावर पडतं आणि रुतू शकतं. योक उघड हलताना दिसला, तर गाडी हायवेवर काढू नका.

५. स्प्लाइन आणि सेंटर बेअरिंग

सरकता योक बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, दातांवर पायरी पडली आहे का बघा. नसेल तर मॉलिब्डेनम मिसळलेलं ग्रीस पातळ थरात लावा. बंद टोकाच्या योकमध्ये ग्रीस ठासून भरलं तर योक आत सरकायला जागा राहत नाही. काही गाड्यांत हा भाग गिअरबॉक्सच्या ऑइलवरच चालतो, तिथे मॅन्युअल पाहूनच ग्रीस लावा.

दोन तुकड्यांचा प्रोपेलर असेल तर मधल्या बेअरिंगभोवतीचं रबर बघा. ते फाटलं की गाडी वेग घेताना थरथरते आणि शाफ्ट कंसावर आपटतो.

६. पाटे, यू-बोल्ट, बुश

बोलेरो आणि ओम्नीला मागे पाटे आहेत. पाटा हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट ढिले झाले किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की अख्खं हाउसिंग पुढे-मागे सरकतं, आणि आवाज हुबेहूब डिफरन्शियलसारखा येतो. पाटा जिथे हाउसिंगवर बसतो तिथे ताजी घासल्याची खूण शोधा. इनोव्हा आणि ईकोत कॉइल स्प्रिंग आहेत, तिथे आडव्या-उभ्या दांड्यांचे बुश टॉमीनं हलवून बघा. बुशचा बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत राहतं आणि लवकर फाटतं.

७. हाउसिंग

इथवर काही सापडलं नाही तर आता हाउसिंग. आधी लेव्हलचा प्लग उघडा, ड्रेनचा नंतर. वरचा प्लग गंजून अडकला आणि खालून ऑइल काढून टाकलं, तर भरणार कुठून? ऑइल साधारण भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असणं नेहमीचं, पण नखाएवढा तुकडा म्हणजे दात तुटला. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं, आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा सोडणारं तोंड) चोंदला आहे का तेही. भरायचं ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, अनेक गाड्यांना जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० लागतं.

क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) साधारण ०.१ ते ०.२ मिमी असतो, हाताला तो फारसा कळत नाही. प्रोपेलर फिरवताना जाणवणारी मोकळीक बरीचशी डिफरन्शियलच्या छोट्या गिअरांची, त्यांच्या वॉशरची आणि एक्सलच्या स्प्लाइनची असते, तीही मोठी होऊन: क्राउन-पिनियनचं प्रमाण ४:१ असेल तर आतला १ अंश प्रोपेलरवर ४ अंश दिसतो. म्हणून नुसता हात फिरवून निकाल देऊ नका. फ्लँजवर खडूची रेघ ओढून मोकळीक मोजा आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी ताडून पाहा.

पिनियनचा फ्लँज वर-खाली हलत असेल तर पिनियन बेअरिंग गेलं. अशा वेळी मधला मोठा नट आवळून प्ले घालवण्याचा मोह टाळा. बऱ्याच गाड्यांत त्या नटामागे चेपणारी स्लीव्ह असते. नट जास्त आवळला की ती कायमची चेपते, बेअरिंगवर जादा ताण येतो आणि थोड्याच दिवसांत खटक्याऐवजी घरघर ऐकू येते. हे काम डायल गेज आणि टॉर्क रेंच असलेल्या मिस्त्रीकडेच द्या.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालवली त्याच जागी, त्याच वेगानं गाडी परत चालवा. यू-बोल्ट नवीन टाकले असतील तर सुमारे ५०० किमीनंतर मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा आवळा.