सुई नवी, पण बाटली सगळ्यांची: टोचून घेणाऱ्यांनी रक्तातले आजार कसे टाळावेत

‘मी कुणाची सुई वापरत नाही’ असं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायचा: बाटली कुणाची होती?

जिममध्ये दम वाढावा म्हणून मेफेंटरमाइन टोचून घेणाऱ्यांत हीच गोष्ट नजरेतून सुटते. खरं तर हे ऑपरेशन थिएटरमधलं औषध आहे. पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर तो वर आणायला डॉक्टर ते देतात. रबरी बूच असलेल्या १० मिलीच्या कुपीतून चार-पाच जणांचं भागतं आणि ती तालमीतल्या तांब्यासारखी फिरते. पहिल्यानं टोचून घेतलं, कमी वाटलं म्हणून तीच सिरिंज परत बुचातून आत घातली, की डोळ्याला न दिसणारं रक्त औषधात उतरलं. नंतरचा गडी कोरी सिरिंज घेऊन आला तरी तेच औषध ओढणार. नुसती सुई बदलूनही उपयोग नाही, कारण रक्त सिरिंजच्या नळीतही राहतं. हेरॉइन टोचणाऱ्यांत बाटलीची जागा चमचा, कापूस आणि पाण्याचा पेला घेतात.

यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो. बाधित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या १०० जणांपैकी ६ ते ३० जणांना बी होऊ शकतो, सी साधारण दोघांना, आणि एचआयव्ही १००० पैकी तिघांना. आपल्याकडं भीती मात्र नेमकी उलट्या क्रमानं असते. एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह आली की लोक निर्धास्त होतात.

न टोचणं हाच खात्रीचा उपाय. तरीही टोचलं जाणारच असेल तर निदान एवढं पाळा:

१. दर वेळी प्रत्येकाची कोरी, सीलबंद सिरिंज आणि सुई. गरम पाण्यानं किंवा ब्लीचनं धुतलेली सिरिंज कोरी होत नाही. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत तर धुण्यावर अजिबात विसंबू नका.
२. एकदा अंगात गेलेली सुई परत बाटलीत घालायची नाही, स्वतःच्या बाटलीतही नाही. कुणी तसं केलेलं दिसलं तर ती बाटली टाकून द्या, कितीही महाग असली तरी.
३. आधी हात साबणानं धुवा. टोचायची जागा स्पिरिटच्या कापसानं पुसून ३० सेकंद वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.
४. नंतर कोरडा कापूस दाबून धरा. स्पिरिटचा कापूस दाबला तर रक्त लवकर थांबत नाही.
५. मान आणि जांघ टाळा. सिरिंजमध्ये लालभडक रक्त उसळत आलं तर सुई धमनीत गेली आहे. औषध न ढकलता सुई काढा आणि १० मिनिटं घट्ट दाबा. बोटं पांढरी-निळी पडली किंवा जोरात ठणकायला लागली तर थेट अपघात विभाग.

गळू झालं तर ब्लेडनं फोडू नका, पिळू नका. लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला तर घरी थांबायचं नाही. टोचणाऱ्या माणसाला थंडी वाजून ताप, धाप आणि थकवा असेल तर जंतू हृदयाच्या झडपेवर बसलेले असू शकतात. डॉक्टरला इंजेक्शनचं सांगितलं नाही तर टायफॉइड-डेंग्यूच्या तपासण्यांत दिवस जातात. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, घ्यावं लागतं, म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेऊन मग दवाखान्यात जाऊ नका.

सुई वाटली गेलीच असेल तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळणारं पेप औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पहिल्या काही तासांत झालं तर उत्तम, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन ‘सुई वाटली, पेप हवं’ असं स्पष्ट सांगा. त्याच दिवशी एचआयव्ही, बी आणि सी तिन्ही तपासा. पुन्हा ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत असते, आधी समुपदेशन होतं, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची संमती व गोपनीयता दोन्ही राखावी लागते.

हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची. सीला लस नाही, पण तो बरा होतो. सरकारी कार्यक्रमात सोफोसबुविर आणि डाक्लाटास्विर मोफत मिळतात, बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. सीची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आत्ता आहेच असं नाही. विषाणूची आरएनए तपासणी करायला सांगा. आणि बरं झाल्यावर परत सुई वाटली तर परत होतो.

छातीत दुखणं, धडधड, फुटेल असं डोकं, तोंड वाकडं होणं ही मेफेंटरमाइनच्या मात्रेची लक्षणं असू शकतात. हेरॉइननं उलटं होतं: श्वास मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळे. दोन्हींत १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा. मिठाचं पाणी, ताक, लिंबू काहीही तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. काय टोचलं ते लपवू नका, रिकामी बाटली बरोबर न्या.

सोडायचं असेल तर नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६. हेरॉइनच्या सुईऐवजी जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीचं जवळचं केंद्र एड्स हेल्पलाइन १०९७ वर विचारा.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, टोचण्याच्या बऱ्याच घटना तिथंच होतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, तीन-चतुर्थांश भरला की झाकण घट्ट लावून चिकटपट्टीनं बंद करा आणि सरकारी दवाखान्यात विचारून जमा करा. घंटागाडीत सुटी सुई गेली तर ती कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसते.