युरिया दिला तरी पीक पिवळंच? नायट्रीकरणाच्या बाबतीत या चुका टाळा

पावसाची झड लागली, शेत चिबडलं आणि पीक पिवळं पडलं की पहिला हात युरियाच्या गोणीला जातो. दौंड-इंदापूरच्या काळ्या जमिनीत तर हे हमखास. पण पाणी तुंबलेल्या रानात टाकलेला युरिया पिकाच्या कामी फारसा येतच नाही.

युरियाचं आधी अमोनियम होतं. मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट बनवतात. अमोनियमचं असं नायट्रेट होणं म्हणजेच नायट्रीकरण. बहुतेक बागायती पिकं नत्र उचलतात ते मुख्यतः नायट्रेटच्याच रूपात. या जिवाणूंना प्राणवायू लागतोच. जमीन वाफशावर, म्हणजे बेताची ओल आणि खेळती हवा अशी असेल आणि मातीचं तापमान २५ ते ३० अंश असेल, तर ते जोमाने काम करतात. पाणी साचलं की ते थंडावतात आणि दुसरे जिवाणू असलेलं नायट्रेटही वायू करून हवेत घालवतात. म्हणून आधी चर काढा, वाफसा येऊ द्या, कोळपणी करा आणि मगच खताचा हप्ता द्या. तोवर निभवायचं असेल तर १ टक्का युरियाची फवारणी पुरेशी आहे.

दुसरी चूक म्हणजे चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता फेकून देणं. सामू (pH) ८ च्या वर असला की अमोनियाचा वायू होतो आणि जिवाणूंपर्यंत पोचण्याआधीच नत्र उडून जातं. ओलसर रानात युरिया फेकल्यावर एक-दोन दिवसांनी वाकून मातीचा वास घ्या. नाकाला झोंबला तर समजा, पैसे हवेत चाललेत. खत मातीआड करा, नाहीतर लगेच हलकं पाणी द्या. ठिबकमधूनही एकदम मोठा डोस नको. एकाच जागी अमोनिया साठला की नायट्रोबॅक्टर आधी दबतात, नायट्राइट साचतं आणि मुळांना इजा होते.

पॉलिहाऊसवाल्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण इथे नुकसान मोठं होतं आणि दोष भलत्यालाच दिला जातो. मावळात जरबेरा, गुलाबाच्या लागवडीआधी बेड फॉर्मेलिनसारख्या रसायनाने निर्जंतुक करतात. त्यात बुरशीबरोबर नायट्रीकरण करणारे जिवाणूही मरतात. सेंद्रिय पदार्थ कुजवून अमोनियम बनवणारे जिवाणू लवकर सावरतात, पण नायट्रीकरण करणाऱ्यांची वाढ फार सावकाश. अगदी पोषक परिस्थितीतही नायट्रोसोमोनासची संख्या दुप्पट व्हायला काही तास लागतात, बेडमध्ये त्याहून बराच जास्त वेळ. त्यामुळे अमोनियम साचत जातं, मुळांची टोकं तपकिरी होतात आणि रोपं खुरटतात. मग रोपवाटिकेला बोल लावला जातो! निर्जंतुकीकरणानंतर पहिले काही आठवडे युरिया आणि अमोनियम सल्फेट टाळा. नत्र कॅल्शियम नायट्रेटमधून द्या आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. त्यातून जिवाणूही परत येतात.

अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतलं नत्र स्थिर करतो, नायट्रीकरण नाही. तेव्हा त्या अपेक्षेने जिवाणू खताची बाटली आणू नका. आणि देशात बनणारा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचं आवरण असलेला आहे. ते आवरण नायट्रीकरण मुद्दाम मंदावतं. चार दिवसांत हिरवेपणा दिसला नाही म्हणून दुसरा डोस देण्याची घाई करू नका.

भातखाचरात मात्र सगळं उलट. भात अमोनियम आनंदाने घेतो, म्हणून मुळशी-भोरकडे नायट्रीकरण न झालेलंच बरं. भात लावण्याच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपी खताची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात, ती याचसाठी. तिथल्या चिखलात प्राणवायू नसतो. गोळी खोचल्यावर खाचर सुकू देऊ नका. चिखलाला भेगा पडल्या की हवा आत शिरते, अमोनियमचं नायट्रेट होतं आणि पुन्हा पाणी भरलं की ते वायू होऊन निघून जातं.