लग्नात मंगलाष्टकं म्हणायची आहेत? मग तयारी अशी करा

आजकाल ताई, मावशी, मैत्रीण कोणालातरी सांगितलं जातं की तू छान गातेस ना मग मंगलाष्टकं तूच म्हण, आणि ती बिचारी चाल शोधत बसते. चाल नंतर बघा हो, आधी शब्द बघा. पारंपरिक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित या वृत्तात असतात, एका ओळीत १९ अक्षरं, आणि बाराव्या अक्षरानंतर थांबा म्हणजे यती. श्वास तिथेच घ्यायचा. भलतीकडे घेतला की शब्द तुटतो आणि मग चाल कितीही गोड असो, ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. शेवटचं 'कुर्यात् सदा मंगलम्' मोजून बघा (पाय मोडलेले त् आणि म् वेगळे मोजायचे नाहीत), बरोबर सात अक्षरं, म्हणजे यतीनंतरचा अख्खा तुकडा.

नवरा-नवरीची नावं गुंफून नवीन कडवं लिहिणार असाल तर लघु-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब अक्षरं, बघून बसवा. सायली हे नाव गुरू-लघु-गुरू, ते ओळीच्या अगदी शेवटी छान बसतं. ओंकार गुरू-गुरू-लघु, तो यतीनंतर लगेच घ्या. अनघा लघु-लघु-गुरू, ती चौथ्या अक्षरापासून किंवा यतीच्या आधीची तीन अक्षरं म्हणून. नाव ओढूनताणून बसवलं की गाताना 'अनाघा' होतं आणि ते कानाला फार खटकतं, ज्यांचं लग्न आहे त्यांचं नाव तरी नीट उच्चारलं गेलंच पाहिजे. आणि आजी-आजोबा, काका, आत्या सगळ्यांची नावं एका कडव्यात कोंबू नका प्लीज.

सूर घरीच ठरवा. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावायचं, पुरुषांना साधारण काळी एक (ही पेटीवरची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर) आणि बायकांना काळी चार-पाच सोयीची पडते, पण लग्नाच्या दिवशी धावपळ, जागरण, थोडी भीती, त्यामुळे वरचा सूर लागायला त्रास होतो, म्हणून रोजच्यापेक्षा अर्धा सूर खाली घेतलेला बरा. दोघं मिळून म्हणणार असाल आणि एकाची पट्टी दुसऱ्याला जमत नसेल तर एकत्र गायचा हट्ट नको, कडवी वाटून घ्या आणि पट्टी बदलताना मध्ये सूर नीट ऐकून मगच सुरू करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गुरुजी. लग्नाच्या आधी, निदान त्या दिवशी सकाळी तरी त्यांना गाठाच. मुहूर्त त्यांच्या हातात असतो, तुमच्या नाही. संथ चालीत एक कडवं साधारण पाऊण ते एक मिनिट जातं, तुमचं किती जातं ते घड्याळ लावून बघून ठेवा आणि त्यांना सांगा. नवरीला मामा घेऊन यायला उशीर झाला तर पाचाची तीन करावी लागतात आणि मुहूर्ताला वेळ असला तर गुरुजी 'अजून एक म्हणा' म्हणतात, म्हणून कोणतं गाळायचं आणि जास्तीचं कोणतं म्हणायचं हे आधीच ठरलेलं हवं. अंतरपाट, मामा, करवल्या आणि फोटोग्राफर यांच्या गर्दीत गुरुजी तुम्हाला दिसणारच नाहीत, तेव्हा दोघांनाही दिसेल असा एक भाऊ-बहीण मध्ये उभा करा, त्याने हात वर केला की हे शेवटचं कडवं.

माईक कॉर्डलेस असला तर सेल नवीन घालून घ्या. साउंडवाल्याला सांगून एको कमी करा, हॉल आधीच घुमतो, त्यात एको असला की एक अक्षर कळत नाही. बॅकग्राउंडला सनईची सीडी चालू असेल तर ती बंद करायला सांगा, तिचा सूर वेगळा असतो आणि तुमचा हमखास ढळतो.

कागद मोठ्या अक्षरात प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवा. मोबाईलवरून वाचू नका, नेमका तेव्हा केटररचा फोन येतो. आणि 'सावधान' झालं की अक्षता येतात, कडव्यागणिक येतात, तोंडात, डोळ्यात कुठेही, म्हणून दोन सेकंद थांबून मग पुढचं कडवं घ्या, लोकांनाही टाकायला वेळ मिळतो.

शेवटचं 'तदेव लग्नं' गुरुजी म्हणतात, त्यामुळे तुमचं संपलं की माईक लगेच त्यांच्याकडे द्या, चालूच ठेवून.