देशोदेशीची गुन्हेगारी आणि बंदुकीचा वाद : या चुका टाळा

‘नागरिकांना बंदूक बाळगण्याचा हक्क असावा’ हा विषय कुठल्याही वादविवाद स्पर्धेला लागला की पोरं माझ्याकडे येतात ती मोबाइलवर आलेख उघडूनच. सोलापुरात गेली चौदा वर्षं मी कॉलेजच्या संघांची तयारी करून घेते. बाजू कुठलीही मिळो, चुका त्याच होतात. स्पर्धा हरलं तर मला फार वाईट वाटत नाही. मेलेल्या माणसांचे आकडे मात्र कसेही फेकलेले बघवत नाहीत.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो ब्रिटनचा आलेख. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांच्या बाई, अशा १७ जणांना गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी ब्रिटनने पिस्तुलांवर बंदी आणली. आणि त्यानंतर इंग्लंड-वेल्सच्या खुनांची रेघ २००३ पर्यंत वर चढते. रेघ खरी आहे. तिचा अर्थ लावताना मात्र लोक घाई करतात.

माझ्या संघातला एक हुशार मुलगा हाच आलेख घेऊन पुण्याच्या अंतिम फेरीला निघाला. “मॅडम, बंदी आली अन् खून वाढले की! यावर काय बोलणारेत ते?” मी म्हटलं, २००२-०३ ला एवढा उंचवटा का आहे ते शोधून ठेव. तो म्हणाला, “हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसल्यावर बघतो.” गाडीत झोपला. अंतिम फेरीत समोरच्या मुलीने एकच प्रश्न विचारला : “त्या वर्षीच्या खुनांत एका डॉक्टरने इंजेक्शन देऊन मारलेले किती?” तो गप्प. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्याने हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि उरलेली दोन मिनिटं काहीबाही बोलत राहिला.

उत्तर होतं १७२. हॅरोल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने कित्येक वर्षं आपल्याच रुग्णांना मारलं. चौकशीचा अहवाल २००२ मध्ये आला आणि त्यातले १७२ बळी त्या एकाच वर्षाच्या आकड्यात धरले गेले. तिथे खून ज्या वर्षी पोलिसांच्या नोंदीत येतो त्या वर्षाचा धरतात, झाला त्या वर्षाचा नाही. जून २००० मध्ये डोव्हर बंदरात बंद ट्रकमध्ये गुदमरून गेलेले ५८ चिनी स्थलांतरितही त्या काळाच्या मनुष्यवधात मोजलेले आहेत. यातल्या एकाचाही बंदुकीशी संबंध नाही.

म्हणून बंदीमुळे खून घटले, असंही यातून सिद्ध होत नाही. त्या रेघेवर बंदीच्या बाजूने किंवा विरोधात काहीच बोलता येत नाही, एवढंच. माझी सवय अशी : आलेखात एखादं वर्ष एकटंच उंच दिसलं की आधी त्या वर्षी काय घडलं ते वहीत लिहायचं. नॉर्वेचं २०११ असंच. २२ जुलैला एकाच माणसाने ७७ जणांना मारलं. जेमतेम ५० लाख वस्तीच्या देशात वर्षाचा दर तेवढ्याने फिरतो. अशा छोट्या देशांसाठी मी पाच वर्षांची सरासरी घेते, एका वर्षावर बोलूच देत नाही.

दुसरी चूक ‘हिंसक गुन्हे’ या शब्दाची. “ब्रिटनमध्ये अमेरिकेपेक्षा हिंसक गुन्हे जास्त” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकल्याबरोबर वक्त्याला थांबवते. अमेरिकेची एफबीआय हिंसक गुन्ह्यांत फक्त चार गोष्टी धरते : खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला. इंग्लंडमध्ये जखमही न झालेली मारामारी त्यात येते. १९९८ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये मोजण्याचे नियम रुंदावले, त्यामुळे आकडा फुगला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सोलापुरात नवी पेठेत गाडी लावण्यावरून दोघांची जुंपली, एकाने दुसऱ्याच्या कानाखाली दिली. ठाण्यात गेलात तर एनसी लिहून घेतील आणि कागद हातात देतील. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या मोठ्या आकड्यात तो येतच नाही. तीच कानाखाली लंडनमध्ये बसली आणि तक्रार झाली तर हिंसाचारात मोजली जाते. आता या दोन शहरांचे ‘हिंसक गुन्हे’ शेजारी ठेवून काय कळणार? देशादेशांत तुलना करायची तर खुनाच्या आकड्यावर करा, प्रेत लपवणं त्यातल्या त्यात अवघड असतं.

पण खुनाचा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. हा आकडा भारताच्या त्या वर्षीच्या २९,२७२ खुनांशेजारी ठेवणारे बंदीवाले मी दरवर्षी बघते. त्या ४८,८३० पैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, खून २०,९५८. आणि आपले २९,२७२ म्हणजे कोयता, दगड, दोरी, विष, सगळं धरून. शिवाय आपल्याकडे हुंडाबळी खुनात धरत नाहीत, त्यांचं कलम वेगळं. त्या वर्षी असे साडेसहा हजारांहून जास्त गुन्हे नोंदले गेले. ते सगळे खून नसतात, आत्महत्याही असतात, पण संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत हुंड्यासाठी केलेला खून हा खूनच आहे. तेव्हा भारताचा दर लाखामागे दोन-सव्वादोन सांगताना ही गोष्टही सांगा. आपल्या बाजूला अडचणीची असली तरी.

बाकीच्या चुका थोडक्यात. लोकसंख्येने न भागता आकडा सांगू नका. स्वीडनमधले बलात्कार मोजताना हे लक्षात ठेवा की तिथे प्रत्येक घटना वेगळी धरतात आणि व्याख्या २००५ व २०१८ मध्ये रुंद झाली. आपल्याकडे एका एफआयआरमध्ये दहा कलमं असली तरी सगळ्यात गंभीर तेवढंच मोजतात. मूठभर वस्तीच्या पण पर्यटकांनी भरलेल्या व्हॅटिकनचा गुन्ह्यांचा दर कधीच देऊ नका. गड्ड्याच्या यात्रेत मारलेली पाकिटं सोलापूरच्या वस्तीने भागण्यासारखं ते आहे, खिसे बाहेरच्यांचे आणि भागाकार गाववाल्यांचा.

“स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक, तरी खून नाहीत” हे बंदूकवाल्यांचं लाडकं. तिथल्या बऱ्याच बंदुका लष्करी सेवेतून घरी आलेल्या आहेत आणि त्यांची काडतुसं घरी ठेवायला देणं २००७ मध्ये बंद करायचं ठरलं. हे न सांगता स्वित्झर्लंडचं नाव घेणं मला अप्रामाणिक वाटतं.

आणि ऑस्ट्रेलिया. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन मोडल्या आणि नंतर बंदुकीचे मृत्यू घटले. पण ते १९९६ च्या आधीपासूनच घटत होते. खरा वाद आहे तो घट नंतर जास्त वेगाने झाली का, याचा. जो आलेख १९९६ पासून सुरू होतो त्यात हा वाद दिसतच नाही. असा आलेख कुणी आणला की मी तो परत देते : डावीकडे दहा वर्षं जोडून आण, मग बोलू.