बँडिकूट कुणाचा? प्राण्याच्या नावाचा माग काढायची माझी रीत

गेल्या श्रावणात सिडनीहून भाचीचा फोटो आला. अंगणातल्या हिरवळीत जागोजागी खड्डे. वर रुंद, खाली निमुळते, जणू कुणी नरसाळं खुपसून काढलंय. खाली लिहिलं होतं, "मावशी, रात्री बँडिकूट येऊन उकरून गेला. शेजारी म्हणतात हा शब्द भारतातला आहे. कुठला गं?"

मी सोलापुरात एका छापखान्यात ३२ वर्षं मुद्रितं तपासली. शब्दावर संशय घ्यायचा आणि पगारही घ्यायचा, असं काम. भाचीला एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण मी तिला रीतच लिहून पाठवली. तिच्या मुलाला शाळेत "तुमच्याकडच्या एका प्राण्याचं नाव कुठून आलं ते शोधा" असलं काही दिलं तर कामी येईल म्हणून. तुमच्या घरीही तसलं पोर असेल तर घ्या.

आधी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला शब्द. निम्मे घोटाळे ही रेघ न मारल्यामुळे होतात. सिडनीचा बँडिकूट हा शिशुधानी, म्हणजे कांगारूसारखा पोटपिशवीवाला. लांब नाकाचा, किडे-अळ्या उकरून खाणारा. त्याच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणजे माती उकरताना ती पिल्लांवर पडत नाही. पिल्लू पोटात जेमतेम साडेबारा दिवस राहतं, उरलेली वाढ पिशवीत. आपल्याकडे इंग्रजीत बँडिकूट म्हणतात ती मात्र घूस. गटारात, धान्याच्या कोठारात, जुन्या वाड्याच्या पायात बिळं करणारी. ती सरळसरळ उंदराच्या जातीतली. पिशवी वगैरे काही नाही. खरं सांगायचं तर घूस त्या सिडनीच्या प्राण्यापेक्षा नात्याने तुम्हा-आम्हाला जवळची आहे. एक नाव, दोन प्राणी. म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलेलं असणार, आणि आपल्याला विचारायचंय ते एवढंच, की आधी कोणाचं होतं.

मग कोश उघडायचा मोह होतो. थांबायचं. आणि घरबसल्या फोड तर मुळीच करायची नाही. मी केली होती: बंदी अधिक कूट! बिळात बंदिस्त राहून कूटनीती करणारा. दोन मिनिटं स्वतःवरच खूश होते. असली फोड कुठल्याही शब्दाची होते, म्हणूनच तिला किंमत नाही.

त्याऐवजी माणसाकडे जायचं. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या ओळखीच्या एक आजी, सगळा जन्म मागाच्या खटखटाटात गेलेल्या. इथे एक पथ्य पाळा: आपला शब्द समोरच्याच्या तोंडात घालायचा नाही. "आजी, बँडिकूटला तुमच्यात काय म्हणतात?" असं विचारलंत तर त्या बिचाऱ्या तुम्हाला आवडेल तेच सांगतील. मी फक्त फोनवर घुशीचं चित्र दाखवलं आणि गप्प बसले. आजी तोंड वाकडं करून म्हणाल्या, "पंदिकोक्कु. कुठं निघाली? तुमच्या घरात?"

पुढचा प्रश्न तुकड्यांचा. पंदि म्हणजे? डुक्कर. कोक्कु? उंदीर. डुक्कर-उंदीर! का, असंही विचारावं. उत्तर दर वेळी मिळतंच असं नाही, पण आजींकडे होतं. "कोपऱ्यात अडकली ना बाई, की डुकरासारखी गुरगुरते."

एवढ्यावर खूश न होता शेजारच्या भाषांत डोकवायचं. कन्नडमध्ये डुकराला हंदि म्हणतात. वेगळं वाटतं? तेलुगूत गावाला पल्ली, कन्नडमध्ये हळ्ळी. तेलुगूत दुधाला पालु, कन्नडमध्ये हालु. जुन्या प-चा कन्नडने ह केला, तेव्हा पंदि आणि हंदि सख्खी भावंडं. पण घुशीला कन्नडमध्ये हेग्गण म्हणतात, तमिळमध्ये पेरुच्चाळि, मराठीत घूस. डुक्कर आणि उंदीर जोडून केलेलं हे नाव तेलुगूचं. ईस्ट इंडिया कंपनीने १६११ मध्ये मच्छलीपट्टणला वखार घातली ती तेलुगू मुलखातच, म्हणजे गोऱ्यांच्या कानावर तो शब्द पडायला भरपूर वेळ मिळाला.

आता उच्चार. पंदिचा बँडि कसा होईल? तळहात ओठांसमोर धरा आणि एखाद्या इंग्रजाच्या ढंगात 'पेन' म्हणा. हातावर फुंकर लागते. मग आपल्यासारखं 'पान' म्हणा. फुंकर नाही. इंग्रजी कानाला शब्दारंभीचा प ओळखू येतो तो त्या फुंकरीमुळे. ती नसली की तो ब ऐकतो. क्कु घासून कूट झाला.

आता कोश. कागदी हवेत असं नाही. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दक्षिण आशियाई भाषांचे जुने कोश फुकट शोधता येतात. मराठीसाठी मोल्सवर्थ आणि दाते, तेलुगूसाठी ब्राउन. आणि आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन'. त्यात बँडिकूटची नोंद आहे आणि मूळ दिलंय तेच, तेलुगू पंदिकोक्कु, डुक्कर-उंदीर. आजी आणि कोश जुळले की पेन्सिलने लिहिलेलं शाईने लिहायला हरकत नाही.

त्या नोंदीत एक गंमत आहे, आणि एक सापळाही. १४ व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता देवगिरीच्या, म्हणजे आपल्या दौलताबादच्या, किल्ल्यातल्या तुरुंगाविषयी सांगतो: तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना भिऊन पळतात. वर म्हणतो, मी स्वतः पाहिले. वाचून अंगावर काटा आला आणि थोडा अभिमानही वाटला (कशाचा, ते विचारू नका). पण उभी रेघ आठवा. तो प्राण्याचा पुरावा झाला. शब्द तिथे नाही. बतूताने बँडिकूट म्हटलेलं नाही. "हा शब्द १४ व्या शतकापासून आहे" असं कुणी लिहिलं, तर मी मुद्रितावर लाल रेघ मारली असती.

शेवटी शब्दाचा प्रवास. १७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली. समोर नाक खुपसून माती उकरणारं एक अनोळखी जनावर. तिथल्या लोकांकडे नावं होतीच: पश्चिमेच्या नूंगार भाषेतून आलेलं क्वेंडा आजही एका बँडिकूटला वापरतात, आणि बिल्बी हे लांब कानांच्या भावकीचं नाव युवालाराय भाषेतलं. पण नवख्यांनी भारतातून सोबत आलेला शब्द चिकटवला. शास्त्रज्ञांचीही तीच तऱ्हा. १७९७ मध्ये जॉर्ज शॉने एका बँडिकूटचं वर्णन केलं आणि त्याला थेट अमेरिकेतल्या ओपोसम या पोटपिशवीवाल्या प्राण्याच्या कुळात बसवलं. विशेषनाम दिलं ओबेसुला, म्हणजे गुटगुटीत. पुढे पेरामेलेस हे नाव आलं, त्याचा अर्थ पिशवीवाला बिज्जू. बँडिकोटा हे शास्त्रीय नाव मात्र १८७३ मध्ये ग्रेने घुशीच्याच कुळाला दिलं. म्हणजे लॅटिनने मूळ मालकाला परत केलं, इंग्रजीने केलं नाही.

माझा लाडका नमुना निराळाच. १८३६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग धुंडाळणाऱ्या थॉमस मिचेलच्या मोहिमेला तिथल्या मरे नदीच्या काठी एक बँडिकूट सापडला. पुढच्या पायांना दोनच बोटं, खुरासारखी. इंग्रजी नावाचा अर्थ डुक्कर-पाया बँडिकूट, म्हणजे मूळ धरून वाचलं तर डुक्कर-पाया डुक्कर-उंदीर. आणि शास्त्रीय नावात जोडलं 'एकौडाटस', बिनशेपटीचा. कारण हाती आलेल्या नमुन्याची शेपूट तुटलेली होती! जिवंत प्राण्याला चांगली लांब शेपटी असायची. चूक छापून गेली ती गेली; आता तो प्राणीही नामशेष झालाय. मुद्रितशोधकाच्या काळजाला घर पाडणारी गोष्ट.

आणि गोष्ट फार गोड लागली की सावध व्हा. कांगारूचा अर्थ "मला माहीत नाही" असं तुम्हीही ऐकलं असेल. साफ खोटं. १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या लोकांनी ऑस्ट्रेलियातल्या एंडेव्हर नदीकाठी ऐकलेला तो गूगू यिमिथिर भाषेतला गंगुरू, तिथल्या एका जातीच्या कांगारूचं नाव. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलँड त्याच लोकांत राहिले तेव्हा शब्द पक्का झाला. म्हणजे पुन्हा तेच, माणसाकडे जाऊन विचारणं.

भाचीने उलट टपाली एक भर घातली. ऑस्ट्रेलियात बँडिकूट हे क्रियापदही आहे: वरचा पाला जागच्या जागी ठेवून खालचे बटाटे गुपचूप काढून नेणे. आपल्याकडे घूस शेंगांच्या रानात असलेच उद्योग करते.

तिने पाठवलेला सिडनीच्या बँडिकूटचा फोटो मी आजींना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"हा कुठला पंदिकोक्कु? नाक बघा की त्याचं. चिचुंद्री आहे ही."