कमी खर्चात घर सजवायचंय? सोलापूरकरांनो, आधी कापड आणि लाइट बघा, रंग शेवटी

दिवाळी जवळ आली किंवा घरात कार्य निघालं की पहिला विचार येतो पेंटिंगचा. पेंटर बोलवा, सगळं सामान मधोमध ओढा, आठ दिवस धुळीत राहा आणि शेवटी पैसे संपले म्हणून तेच जुने पडदे परत लावा. मला मनापासून वाटतं हा क्रमच उलटा आहे. खोली बदलल्यासारखी वाटते ती जास्त करून कापडामुळं आणि लाइटमुळं, आणि कापडाच्या बाबतीत आपण ज्या गावात राहतो तिथं तर कशाची कमतरता नाही. म्हणून जेवढं बजेट असेल त्यातलं निम्मं कापडाला ठेवा, पाव हिस्सा लाइटला, आणि उरलेल्यात एक भिंत, एखादा आरसा, चार कुंड्या. दहा हजार असो की तीन हजार, हा हिशोब चालतो.

आधी ट्रेंडचं थोडं बोलू, कारण इन्स्टावर रोज नवीन काहीतरी दिसतं आणि डोकं फिरतं. पँटोन नावाची अमेरिकन कंपनी २००० सालापासून दरवर्षी एक रंग जाहीर करते. २०२४ ला त्यांनी पीच फझ दिला, म्हणजे फिका पीच, २०२५ ला मोका मूस, म्हणजे दूध जास्त घातलेल्या कॉफीचा तपकिरी, आणि २०२६ साठी क्लाउड डान्सर, हा मऊ पांढरा आहे. ही तीन नावं एकत्र बघितली की कल कळतो, थंड ग्रे मागं पडलाय आणि मातकट, उबदार, डोळ्याला शांत रंग आलेत. त्यांच्यासोबत टेराकोटा, सेज ग्रीन म्हणजे राखाडी छटेचा हिरवा, मोहरीचा पिवळा, वेताच्या वस्तू, हाताने विणलेलं दिसणारं कापड. आता यातलं किती आपल्या घरात आधीच आहे बघा की. आजीच्या ट्रंकेतली मरून चादर, तांब्या-पितळेची भांडी, मातीचा माठ. या वेळचा ट्रेंड आपल्यासाठी स्वस्त आहे तो म्हणूनच.

पण इन्स्टावरचं सगळं सोलापूरला चालत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, धूळ बारा महिने, आणि नळाला पाणी रोज येत नाही. म्हणून बुकले कापड, ते मेंढीच्या लोकरीसारखं गोळे-गोळे दिसणारं सोफ्याचं कापड, ते घेऊच नका, धूळ त्यात जाऊन बसते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. फ्लुटेड पॅनल, म्हणजे उभ्या खाचांचे ते पट्टे, त्यातल्या प्रत्येक खाचेतली धूळ कोण पुसणार? टीव्हीच्या मागं एवढंसं लावलं तर ठीक, अख्खी भिंत नको. मखमली पडदे पण तसेच.

आता मुख्य विषय, चादर. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, म्हणजे माल कुठल्या गावचा याची सरकारी ओळख, टेरी टॉवेललाही आहे, आणि तरी आपण ती पांघरायलाच वापरतो किंवा पाहुण्यांना भेट देतो. ही जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली असते त्यामुळं नक्षी छापलेली नसते, विणीतच असते, आणि म्हणून दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे. एका बाजूला क्रीमवर मरून तर दुसऱ्या बाजूला मरूनवर क्रीम. म्हणजे एका चादरीत दोन लुक. उन्हाळ्यात फिकी बाजू वर, थंडीत गडद बाजू वर, खोली आपोआप बदलते आणि खर्च शून्य.

कशी वापरायची? दिवाणावर किंवा सोफ्यावर पूर्ण अंथरू नका, मग ते परत दिवाणच दिसतं. लांबीत तीन घड्या घाला आणि पट्टा करून सोफ्याच्या एका बाजूला पाठीवरून खाली सोडा, बाकी सोफा साध्या एकरंगी कव्हरचा ठेवा. बेडवर पण तेच, वर पांढरी किंवा ऑफव्हाइट कॉटनची बेडशीट आणि पायाकडच्या भागात घडी घातलेली चादर आडवी. नक्षी भरगच्च असते, त्यामुळं तिच्या आजूबाजूला जेवढं साधं ठेवाल तेवढी ती उठून दिसते, हे विसरू नका. चादर, फुलाफुलांचे पडदे आणि डिझाइनची उशी सगळं एकाच खोलीत आलं की डोळा कुठं ठरतच नाही. जुनी, कडेला विरलेली चादर असेल तर मधला चांगला भाग काढून १६ इंची कुशन कव्हर शिवून घ्या, गल्लीतला कुठलाही टेलर शिवून देतो, मागच्या बाजूला साधं मांजरपाट लावलं तरी चालतं. आणि एखादी खूप आवडती असेल तर वरच्या कडेला नेफा शिवून त्यात पडद्याचा रॉड घाला आणि भिंतीवर टांगा. मोठी पेंटिंग विकत घेण्यापेक्षा हे शंभर पटीनं छान दिसतं, आणि आपल्या गावचं आहे.

घेताना मात्र बघून घ्या. पूर्व भागात विणकरांची वस्ती आहे, तिथं आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्याच्या शेजारी विक्री असते, तिकडं किरकोळ डिफेक्टचा माल आहे का असं सरळ विचारा, धागा निसटलेला, कडेला डाग, असलं. कुशन आणि टेबलावर अंथरायचे लांब पट्टे म्हणजे रनर करायचे असतील तर हाच माल उत्तम. बाहेरून आलेलं कापडही सोलापुरी म्हणून विकलं जातं, म्हणून उलटून बघा, मागची बाजू पांढरट आणि नक्षी अर्धवट दिसत असेल तर ती छापील आहे, ठेवून द्या. गडद रंगाची पहिली धुणी वेगळीच करा, गार पाण्यात.

पडद्यांचं सांगतो, कारण इथं बहुतेकजण पैसे घालूनही घर बुटकं करून घेतात. रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून लावू नका, चौकटीच्या वर सहा इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर घ्या, आणि पडदा खिडकीपुरता न ठेवता जमिनीपासून अर्धा-एक इंच वर थांबेल असा सोडा. छत उंच वाटतं, खिडकी मोठी वाटते. रुंदीला कापड कमीत कमी दीडपट, दुप्पट असेल तर झोळ छान पडतो. पश्चिमेच्या खिडकीला दोन थर करा, आत पातळ ऑफव्हाइट कॉटन आणि त्याच्यावर जाड गडद, दुपारी दोनला जाड ओढून घ्यायचा. मीटरवर कापड घेऊन शिवलं की तयार पडद्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, चाटी गल्लीत, मधल्या मारुतीच्या भागात फिरा, साध्या कॉटनचे ताके असतात. कॉटन आधी पाण्यातून काढून मग शिवायला द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि पडदा जमिनीपासून वीतभर वर जातो.

लाइट. आपल्या हॉलमध्ये मधोमध एक पांढरीफेक ट्यूब आणि झालं, असं असतं. मातकट रंग या लाइटमध्ये मेल्यासारखे दिसतात, तुम्ही कितीही भारी टेराकोटा लावा. बल्बच्या खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं, ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, ३००० के म्हणजे पिवळसर उबदार. ट्यूब काढू नका, पोरांचा अभ्यास आणि स्वयंपाक तिच्यातच होऊ द्या, फक्त ३००० के चे दोन बल्ब वेगळ्या ठिकाणी द्या, एक कोपऱ्यात खाली आणि एक भिंतीवर. बांबूची दुरडी उलटी करून, तळाला होल्डरपुरतं भोक पाडून लॅम्पशेड होतो, एलईडी असल्यामुळं फार तापत नाही पण तरी बल्ब बांबूला टेकू देऊ नका आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करा. संध्याकाळी ट्यूब बंद करून हे दोनच लाइट लावा, बघा मग.

आता रंग. सगळं घर नाही, एक भिंत. दारातून आत आल्यावर समोर दिसते ती, किंवा बेडच्या डोक्याकडची. बाकीच्या भिंती ऑफव्हाइटच राहू द्या, फक्त निळसर पांढरा टाळा, आपल्या इथल्या उन्हात तो डोळ्यावर येतो, किंचित पिवळसर झाक असलेला घ्या. ओळखायचं कसं तर शेडकार्डाशेजारी कोरा झेरॉक्सचा कागद धरा, झाक लगेच कळते. एका भिंतीचा हिशोब सोपा आहे, १२ फूट लांब १० फूट उंच म्हणजे १२० चौरस फूट, दोन हात म्हणजे २४०, साध्या इमल्शनला, म्हणजे पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाला, दोन लिटरच्या आसपास लागतं, डब्यावर कव्हरेज लिहिलेलं असतं ते एकदा बघा. अंधाऱ्या खोलीत मोका लावू नका, तिथं सेज किंवा पीच. भरपूर उजेड असेल तर टेराकोटा बिनधास्त.

शेडकार्डाच्या चौकटीवर कधीच भरवसा ठेवू नका. बऱ्याच कंपन्यांचे २०० मिलीचे सँपल मिळतात, पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवा, सकाळी, दुपारी आणि रात्री लाइटमध्ये बघा. भिंत ओबडधोबड असेल तर मॅट फिनिश, चकचकीत रंगात प्रत्येक उंचवटा दिसतो. आणि मशीनवर मिक्स करून घेताना लागेल तेवढा एकाच वेळी घ्या, नंतर आणलेल्या डब्यात फरक पडू शकतो. हल्ली लाइमवॉश खूप चाललाय, ढगाळ छटा येते ना तो, तो म्हणजे चुनाच. जुन्या वाड्याची चुन्याची भिंत असेल तर पेंटरकडून चुन्यात पिवळी माती किंवा गेरू मिसळून हे होतं, पण आधीच प्लास्टिक पेंट मारलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, सुटून येतो, तिथं नाद करू नका. भाड्याचं घर असेल तर हे सगळं सोडा, चादर टांगा. आणि डिस्टेंपरच्या भिंतीला चिकटणारे हुक, स्टिकर लावू नका, काढताना पापुद्रा येतो आणि मालकाशी वाद.

झाडं, ज्यांना पाणी कमी लागतं तीच. स्नेक प्लँट, झीझी, कोरफड, आठ-दहा दिवसांनी पाणी दिलं तरी जगतात. मनीप्लँट बाटलीत. मातीच्या कुंड्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग येतात ते क्षार आहेत, व्हिनेगर पाण्यात मिसळून कुंडीच्या बाहेरून घासा, किंवा आवडत असेल तर राहू द्या, मला तर ती कुंडी जास्त छान वाटते. छोट्या वस्तू, फुलदाण्या, टोपल्या, घंटा यांच्यासाठी घाई करू नका, जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, होम मैदानावर फिरताना एकेक बघून घ्या, आणि पितळेसाठी पंढरपूरला गेलात तर मंदिराभोवतीचा बाजार. आरसा घ्यायचा असेल तर कमानीचा सध्या चाललाय, तो पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, दुपारचं ऊन थेट सोफ्यावर फेकतो, शेजारच्या भिंतीवर लावा.

काम करताना पण एकदम नको. पहिल्या आठवड्यात फक्त वस्तू काढा, शोकेसमधली निम्मी खेळणी, कप, ट्रॉफ्या कपाटात. दुसऱ्या आठवड्यात दोन बल्ब आणि चादर. तेवढ्यावरच आठ दिवस राहा. मग पडदे. भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी, चादरीतलाच एखादा धागा पेंटच्या दुकानात नेऊन त्याच्याशी जुळवून घ्या, आणि बऱ्याच घरात तोपर्यंत लक्षात येतं की रंग लावायची गरजच राहिली नाही, ते पैसे मग चांगल्या गादीला घाला.